आधी वय, मग नाव: कुरवांची पिसं कशी वाचायची

किनाऱ्यावरच्या कुरवांच्या, म्हणजे गल पक्ष्यांच्या, थव्याकडे बोट दाखवून कुणी "हा कोणता कुरव?" असं विचारलं, की माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: "वय काय असेल याचं?" विचारणारा जरा गोंधळतो. पक्षी ओळखायचा म्हणजे आधी नाव आणि मग बाकीचं, ही आपली सगळ्यांची सवय. खंड्या, बुलबुल, शिंजीर यांच्या बाबतीत ती चालून जाते. कुरवांच्या बाबतीत ती मोडावी लागते.

कारण साधं आहे. हेरिंग गलसारख्या मोठ्या जातीचं पहिल्या हिवाळ्यातलं पाखरू अंगभर तपकिरी, काळ्या चोचीचं आणि काळ्या डोळ्यांचं असतं. त्याच जातीचा प्रौढ पक्षी पाठीला राखाडी, पोटाला आणि शेपटीला पांढराशुभ्र, पिवळ्या चोचीचा आणि फिकट डोळ्यांचा. दोघं शेजारी उभे राहिले तर नवख्या माणसाला ती एकच जात वाटणार नाही. उलट दोन वेगळ्या मोठ्या जातींची पहिल्या वर्षाची पाखरं शेजारी असली, तर मुरलेली माणसंही बराच वेळ दुर्बीण खाली ठेवत नाहीत. वय न ठरवता पुस्तकातली चित्रं चाळायला लागलं, की एका जातीचा तिसऱ्या वर्षाचा पक्षी दुसऱ्याच जातीच्या दुसऱ्या वर्षाच्या चित्राशी हुबेहूब जुळतो. तिथून पुढे सगळं घसरत जातं.

मला कुरवांचा नाद लागला तो या वयाच्या कोड्यापायी. पुष्कळ पक्षीमित्र कुरवांचा थवा दिसला की पुढे सरकतात, "सगळे सारखेच" म्हणून. माझा सगळा दिवस त्या थव्यापाशी जातो. शंभर पक्ष्यांच्या थव्यात प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, आणि ती का वेगळी याला उत्तर असतं. एवढं दुसऱ्या कुठल्या पक्ष्याकडे उघड्यावर बघायला मिळत नाही.

सुरुवात एका पिसापासून करू. पीस पूर्ण वाढलं की ते निर्जीव होतं. त्यात नंतर रंग भरला जात नाही. उन्हाने ते विटतं आणि घासून झिजतं, एवढंच. नवा रंग हवा असेल तर जुनं पीस गळून त्या जागी नवं यावं लागतं. तेव्हा तपकिरी पाखरू 'हळूहळू राखाडी होत जातं' असं आपण म्हणतो, त्याचा अर्थ तपकिरी पिसं एकेक करून गळतात आणि राखाडी पिसं एकेक करून उगवतात, असा घ्यायचा. त्यामुळे वाढत्या वयाच्या कुरवाच्या अंगावर बहुतेक वेळा दोन पिढ्यांची पिसं एकत्र असतात, मोल्ट, म्हणजे पिसांची ही अदलाबदल, चालू असताना कधी तीन. वय ओळखायचं म्हणजे या पिढ्या एकमेकींपासून वेगळ्या करायच्या. पक्षी एकूण किती तपकिरी आणि किती राखाडी दिसतो, हा अंदाज त्यानंतरचा. पुष्कळ जण नेमकं उलटं करतात, दुरून रंगाचा अंदाज घेतात आणि वय सांगून मोकळे होतात.

बहुतेक कुरव वर्षातून दोनदा पिसं बदलतात. एकदा विणीच्या सुमारास आणि नंतर, तेव्हा पंख आणि शेपटीसकट सगळी पिसं बदलतात. हा पूर्ण मोल्ट. मोठ्या कुरवांत तो पुरा व्हायला पाच-सहा महिने लागतात. दुसऱ्यांदा हिवाळ्याच्या अखेरीस किंवा वसंतात, आणि तेव्हा मुख्यतः डोक्याची आणि अंगाची पिसं बदलतात. काळ्या किंवा तपकिरी डोक्याच्या जातींना डोक्यावरची टोपी मिळते ती या दुसऱ्या, अर्धवट मोल्टमध्ये. पंखाच्या टोकाकडची लांब पिसं, म्हणजे प्रायमरीज, कुरवाला दर पंखात दहा असतात. ती आतून बाहेर अशी क्रमाने बदलतात. सगळ्यात आतलं पीस आधी, टोकाचं दहावं शेवटी. हा क्रम लक्षात ठेवला तर नुसत्या पंखाच्या एका फोटोवरून मोल्ट कुठवर आलाय ते सांगता येतं.

आता पिल्लाकडे बघा. घरट्याबाहेर पडून उडायला लागलेल्या पिल्लाची सगळी पिसं थोड्याच आठवड्यांत एकदम वाढलेली असतात. पाठ, खांदे, पंख, सगळं एकाच ताग्यातून कापल्यासारखं. प्रत्येक पिसाला मधे गडद रंग आणि कडेला फिकट, नेटकी किनार, त्यामुळे पाठ खवलेदार दिसते. इतकी एकसारखी आणि एकाच वेळी झिजणारी पिसं त्या पक्ष्याच्या अंगावर पुन्हा कधी येत नाहीत. हाच वेश लगेच मोडायला लागतो. उन्हाळा सरता सरता खांद्यावरची पिसं, म्हणजे स्कॅप्युलर्स, गळून नवी यायला लागतात. डोकं, छाती बदलते. पंख आणि शेपटी मात्र तशीच राहतात, पुढच्या वसंतापर्यंत. म्हणून पहिल्या हिवाळ्यातला बहुतेक कोणताही कुरव बघायचा तो खांदा आणि पंख यांच्या सीमेवर. वर नवी पिसं, खाली पिल्लूपणीची. ही सीमा एकदा दिसायला लागली की ती प्रत्येक पक्ष्यावर दिसते.

लहान कुरव दोन वर्षांत प्रौढ दिसायला लागतात, मधल्या आकाराचे तीन, आणि मोठे चार. हा ढोबळ नियम आहे आणि तो सुरुवातीला पाठ करावा. काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा कुरव दोन वर्षांच्या गटात. रिंग-बिल्ड आणि कॉमन गल तीन वर्षांच्या. हेरिंग, लेसर ब्लॅक-बॅक्ड, ग्लॉकस हे चार वर्षांचे. नियमाला अपवाद आहेत. यलो-फूटेड गल अंगाने मोठा असूनही तीनच वर्षांत प्रौढ वेश घेतो.

शिकणाऱ्याने लहान कुरवापासून सुरुवात करावी, आणि माझ्या मते काळ्या डोक्याच्या कुरवाइतका चांगला शिक्षक नाही. हिवाळ्यात त्याचं डोकं काळं नसतंच. पांढरं डोकं आणि डोळ्यामागे एक गडद ठिपका. प्रौढ असेल तर चोच आणि पाय लाल, पंख वरून स्वच्छ राखाडी, शेपटी पांढरी. पहिल्या हिवाळ्यातला असेल तर पाठ प्रौढासारखी राखाडी झालेली असते, कारण स्कॅप्युलर्स बदलून झालेली असतात. पण बसलेल्या पक्ष्याच्या पंखावर तपकिरी पिसांचा पट्टा असतो, उडताना तो पंखावर तिरका आडवा जातो. शेपटीच्या टोकाला काळा पट्टा. चोच फिकट नारिंगी, टोकाला काळी. पायही लाल नाहीत, मळकट नारिंगी.

या पक्ष्याची टर्शिअल्स जवळून बघा. पक्षी बसला की पंख मिटून पाठीच्या मागच्या टोकाशी जी मोठी पिसं एकावर एक पसरतात, ती टर्शिअल्स. प्रौढात ती राखाडी आणि टोकाला पांढरी. पहिल्या हिवाळ्यात त्यांचा मधला भाग गडद तपकिरी आणि भोवती फिकट किनार. नोव्हेंबरात ती किनार ठळक असते. मार्चपर्यंत झिजून बारीक, वेडीवाकडी होते आणि तपकिरी रंगही उन्हाने विटून कळकट पिवळट होतो. शेजारचं खांद्याचं पीस मात्र अजून गुळगुळीत, कडा शाबूत. एका इंचाच्या अंतरात पिसांच्या दोन पिढ्या, मधे काही महिन्यांचं अंतर. टेलिस्कोप स्थिर असेल आणि ऊन मागून असेल तर हे प्रत्यक्ष दिसतं, फोटोची गरज पडत नाही.

वसंतात याच पहिल्या वर्षाच्या पक्ष्यांना टोपी यायला लागते. काहींना अर्धीमुर्धी, पांढऱ्या ठिपक्यांची, काहींना जवळजवळ पूर्ण. पूर्ण टोपी दिसली म्हणून पक्षी प्रौढ ठरवू नका. शेपटी आणि पंख बघा. काळा पट्टा आणि तपकिरी पिसं शिल्लक असतील तर तो गेल्या उन्हाळ्यातलाच. मग उन्हाळ्यात पूर्ण मोल्ट होतो आणि दुसऱ्या हिवाळ्यात तो प्रौढ दिसायला लागतो. काही पक्ष्यांच्या अंगावर तेव्हाही एखादी खूण राहते, पंखाच्या बाहेरच्या कडेला गडद रेघ असलेलं एखादं पीस, नाहीतर टर्शिअलवर डाग. अशी खूण सापडली तर दुसरं वर्ष म्हणता येतं. नाही सापडली तर "प्रौढ" लिहून थांबावं.

तपकिरी डोक्याचा कुरव याच्या शेजारीच बसतो आणि तिथे वयाची खूण डोळ्यात आहे. प्रौढाची बुब्बुळं फिकट, पांढरट. पहिल्या वर्षाच्या पक्ष्याची गडद. प्रौढाच्या काळ्या पंखटोकावर पांढरे मोठे ठिपके असतात, ज्यांना पक्षीनिरीक्षक मिरर म्हणतात. पहिल्या वर्षाच्या पक्ष्याला ते नसतात. आता जर कुणी फिकट डोळा आणि मिरर या दोनच खुणांवर ही जात ओळखायला शिकला असेल, तर पहिल्या वर्षाचा प्रत्येक पक्षी त्याच्या हातून निसटणार. त्याला पंखटोकाचा काळा भाग किती पसरलाय आणि त्याच्या आत पांढरा पट्टा कसा बसलाय हे बघावं लागेल. वय आधी का, याचं हे मला सगळ्यात पटणारं उदाहरण.

मोठ्या कुरवांचं काम अवघड आहे, आणि खरी गोडी तिथेच.

पहिल्या हिवाळ्यात मोठा कुरव तपकिरी असतो हे सांगून झालं. चोच आधी पूर्ण काळी, हिवाळा पुढे सरकतो तशी मुळाशी फिकट व्हायला लागते. डोळा गडद. पंखावरच्या ग्रेटर कव्हर्ट्सवर, म्हणजे पंखाच्या लांब पिसांची मुळं झाकणाऱ्या मोठ्या पिसांच्या ओळीवर, चौकटीदार, ठसठशीत नक्षी. टर्शिअल्स गडद, कडेला कातरलेली. प्रायमरीज काळपट तपकिरी आणि टोकाला निमुळत्या.

त्या निमुळत्या टोकावर जरा थांबू, कारण पहिलं आणि दुसरं वर्ष वेगळं करायला यापेक्षा भरवशाची खूण मला माहीत नाही. पिल्लाची सगळी पिसं घाईने एकदम वाढलेली असतात. ती जराशी कमकुवत असतात, आणि प्रायमरीज टोकाला अरुंद, टोकदार. दुसऱ्या पिढीच्या प्रायमरीज रुंद आणि टोकाला गोलसर येतात. चांगल्या फोटोत बसलेल्या पक्ष्याच्या शेपटीपलीकडे जी पंखटोकं डोकावतात, त्यांचा आकार मोठा करून बघा. रंग फसवतो, प्रकाश फसवतो, आकार सहसा फसवत नाही.

दुसऱ्या हिवाळ्यातला पक्षी घाईत बघितला तर पहिल्यासारखाच तपकिरी वाटतो. पण कव्हर्ट्सवरची ठसठशीत चौकट गेलेली असते आणि तिच्या जागी बारीक, धूसर, शाई सांडल्यागत नक्षी आलेली असते. टर्शिअल्सच्या टोकाला पांढरं जास्त. पाठीवर कुठे कुठे स्वच्छ राखाडी पिसं उगवलेली. एखाद्याच्या पाठीवर ती चार-दोनच असतात, एखाद्याची अख्खी पाठ राखाडी. चोचीचा मुळाकडचा भाग फिकट गुलाबी, मधे काळा, अगदी टोकाला पुन्हा फिकट. डोळा बऱ्याच जणांचा या सुमारास उजळायला लागतो. सगळ्यांचा नाही, म्हणून डोळ्यावर एकट्यावर विसंबू नका.

तिसऱ्या हिवाळ्यात चित्र बदलतं. आता तो तपकिरी खुणा असलेला प्रौढ वाटतो. पाठ राखाडी, पंख बहुतांशी राखाडी, आतल्या प्रायमरीज राखाडी, बाहेरच्या काळ्या आणि टोकाला पांढऱ्या. तपकिरी रंग कव्हर्ट्सवर धुरकट उरलेला. शेपटीवर काळ्या खुणा. चोचीवर काळा पट्टा. यानंतरच्या, चौथ्या हिवाळ्यातला पक्षी दुरून प्रौढच वाटतो, पण पंख उघडला की मनगटापासून टोकाकडे जाणाऱ्या प्रायमरी कव्हर्ट्सवर काळ्या रेघा दिसतात, मिरर लहान असतात, शेपटीत एखादा ठिपका आणि चोचीवर काळा डाग. या पक्ष्यांची ओळख उघड्या पंखावर अवलंबून असते. मिटलेल्या पंखाचे दहा फोटो आणि उडतानाचा एक, यात मी तो एक घेईन.

प्रौढ हेरिंग गलच्या खालच्या चोचीवर लाल ठिपका असतो. पिल्लाच्या चोचीवर तो नसतो, वर्षं सरतात तसा तो उमटत जातो. या ठिपक्याला काम आहे. पिल्लं त्यावर चोच मारतात आणि आई-बाप घशातलं अन्न पिल्लांसाठी बाहेर काढतात. निको टिनबर्गन या डच शास्त्रज्ञाने पुठ्ठ्याच्या रंगवलेल्या चोची पिल्लांसमोर धरून हे तपासलं. पुढे 1973 साली कार्ल फॉन फ्रिश आणि कोनराड लोरेंझ यांच्यासोबत त्याला नोबेल मिळालं. वय ओळखताना आपण जी खूण टिपतो, ती त्या पक्ष्याच्या घरसंसारात वापरली जाते, हे मला फार मोलाचं वाटतं. हिवाळ्यात याच ठिपक्याशेजारी काळं दिसलं, तर पक्षी पूर्ण प्रौढ नसण्याची शक्यता वाढते.

झीज आणि ऊन यांच्याबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण एप्रिल ते जूनमधले निम्मे गोंधळ तिथून येतात. काळ्या आणि गडद पिसांत मेलॅनिन असतं आणि त्याने पीस टणक होतं. पांढरा भाग लवकर झिजतो. प्रौढ कुरवाच्या पंखटोकांवरचे पांढरे ठिपके हिवाळ्यात मोठे असतात, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत झिजून काही पक्ष्यांत दिसेनासे होतात. पांढरे ठिपके नाहीत म्हणून त्याला लहान वयाचा ठरवला की चूक झाली. उलट पहिल्या वर्षाचा पक्षी वसंताच्या अखेरीस इतका विटतो की पंखांवरची नक्षी पुसली जाते आणि तो पांढुरका, भुरकट दिसतो. कव्हर्ट्सच्या फिकट कडा झडून गेलेल्या, उरलेल्या पिसांच्या कडा फाटक्या. असा पक्षी बघून लोक दुर्मीळ, पांढऱ्या पंखांच्या जातींची नावं घ्यायला लागतात. तिथे आधी प्रायमरीज बघायच्या. आतल्या एक-दोन गळालेल्या असतील आणि तिथे फट पडली असेल, तर दुसऱ्या पिढीचा मोल्ट सुरू झालाय. ज्यांची वीण अजून सुरू व्हायची आहे ते पक्षी हा मोल्ट प्रौढांच्या आधी सुरू करतात. हिवाळी मुक्कामाच्या किनाऱ्यावर ऐन उन्हाळ्यात जे थोडे कुरव मागे राहतात, ते बहुतेक असेच कोवळ्या वयाचे असतात.

माझ्यासोबत हिंडणारा एक मुलगा आहे, कॉलेजात शिकतो, नजर तीक्ष्ण. परवा त्याने फोटो पाठवला आणि लगेच फोन.

"ताई, दुसऱ्या हिवाळ्यातला स्टेपी गल. पाठ बघा ना, पूर्ण राखाडी."

"शेपटी बघ."

"काळा पट्टा आहे. एकदम ठळक, कडा सरळ."

"प्रायमरीजची टोकं?"

थोडा वेळ शांतता. मग, "टोकदार आहेत. म्हणजे पहिलं वर्ष? पण पहिल्या वर्षी पाठ इतकी राखाडी कशी?"

"आता डोळ्याभोवती बघ. आणि कपाळ किती उतरतं आहे ते बघ."

तो पल्लासचा कुरव होता, मोठ्या काळ्या डोक्याचा. मध्य आशियात वीण करणारा, अंगाने दांडगा, उतरत्या कपाळाचा आणि लांब चोचीचा. त्याची पाखरं पहिल्याच हिवाळ्यात पाठीला स्वच्छ राखाडी होतात, जे इतर मोठ्या कुरवांत साधारण दुसऱ्या वर्षी दिसतं. डोळ्याच्या वर-खाली पांढरी कोर, मागे गडद डाग, शेपटीवर रेखीव काळा पट्टा. पाठीचा रंग धरून बसलं की दुसरं वर्ष, पिसाचा आकार धरला की पहिलं. आणि पहिलं वर्ष ठरलं की एवढी राखाडी पाठ असलेली मोठी जात कोणती, याचं उत्तर आपोआप पुढे येतं. त्या पोराने ते फोनवरच जुळवलं, याचा मला मनापासून आनंद झाला.

असेच आणखी काही जण नियम वाकवतात. काळा शेपटीपट्टा म्हणजे लहान वय, हे बहुतेक ठिकाणी खरं. पण पूर्व आशियातल्या ब्लॅक-टेल्ड गलला तो पट्टा प्रौढपणीही असतो, दक्षिण अमेरिकेतल्या बेल्चर्स गललाही. चोचीवरचा काळा पट्टा म्हणजे अपुरं वय, हेही बहुतेक ठिकाणी खरं. पण आर्मेनियन गलचा प्रौढ पक्षी हिवाळ्यात तो पट्टा मिरवतो आणि रिंग-बिल्ड गलचं तर नावच त्यावरून पडलंय. बाल्टिक भागातून आफ्रिकेत जाणाऱ्या लेसर ब्लॅक-बॅक्डच्या पाखरांत बरीच पहिल्याच हिवाळ्यात तिकडे प्रायमरीज बदलतात. मग वर्षभराचा पक्षी परत येतो तो गोलसर, ताज्या पंखटोकांचा, आणि वर मी सांगितलेली भरवशाची खूण तिथे लागू पडत नाही. फ्रँकलिन्स गल तर वर्षातून दोनदा पूर्ण मोल्ट करतो, पंखांसकट. उत्तर अमेरिकेत वीण, हिवाळा दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर, आणि दोन्ही प्रवास ताज्या पंखांनी. म्हणून वयाच्या खुणा जातीनुसार पक्क्या कराव्यात, सरसकट नाही.

वय लिहायचं कसं, यावरही वाद चालतात. मला स्वतःला 'पहिला हिवाळा', 'दुसरा उन्हाळा' अशी भाषा सोयीची वाटते, कारण ती ऐकणाऱ्याला लगेच कळते. पण दक्षिण गोलार्धात केल्प गलची वीण वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत होते आणि तिथे हिवाळा-उन्हाळा उत्तरेच्या उलट. युरोपात पुष्कळ जण कॅलेंडर वर्ष लिहितात: जन्मल्यापासून 31 डिसेंबरपर्यंत पहिलं, 1 जानेवारीला दुसरं सुरू. यात वाद होत नाही, पण डिसेंबरअखेरचा पक्षी एका रात्रीत एका वर्षाने वाढतो आणि अंगावरचं एकही पीस बदललेलं नसतं. तिसरी पद्धत मोल्टच्या चक्रावर चालते. हम्फ्री आणि पार्क्स यांनी 1959 साली तिची मांडणी केली. एका पूर्ण मोल्टपासून पुढच्या पूर्ण मोल्टपर्यंत एक चक्र, ऋतू आणि गोलार्ध कोणतेही असोत. पिसांच्या पिढ्या मोजायच्या असतील तर हीच पद्धत कामाला सगळ्यात चोख. पद्धत कोणतीही वापरा, पण एका नोंदवहीत एकच वापरा आणि तारीख नक्की लिहा. तारखेशिवाय कुरवाचा फोटो निम्मा वाया जातो.

फोटोबद्दल आणखी एक विनंती. ढगाळ प्रकाशात काढलेला फोटो चकचकीत दुपारच्या फोटोपेक्षा कैक पटींनी उपयोगी. कडक उन्हात राखाडी छटा पांढऱ्या होतात आणि कव्हर्ट्सवरची नक्षी जळून जाते. बसलेला पक्षी बाजूने, आणि मग तो उडेपर्यंत थांबा. पंख वरून दिसला पाहिजे, शेपटी पसरलेली दिसली पाहिजे. कुरव पंख ताणून आळस देतात, अंग झाडतात, एकमेकांवर धावून जातात. तेवढ्या क्षणात सगळं मिळतं.

आणि उत्तर दोन वर्षांच्या मधे अडकलं तर तसंच लिहावं. "तिसरं किंवा चौथं" ही पूर्ण, प्रामाणिक नोंद आहे. एकाच वसाहतीत, एकाच आठवड्यात जन्मलेली पाखरंही वेगवेगळ्या गतीने वयात येतात. एकाची पाठ दुसऱ्या हिवाळ्यात राखाडी, दुसऱ्याची तिसऱ्यात. हे ठामपणे सांगता येतं ते पायात कडी घातलेल्या पक्ष्यांमुळे, कारण त्यांचं जन्मवर्ष माहीत असतं.

प्रौढ वेश आला की पिसं वयाबद्दल बोलायची थांबतात. सहा वर्षांचा हेरिंग गल आणि वीस वर्षांचा हेरिंग गल पिसांवरून वेगळे करता येत नाहीत. कड्यांच्या नोंदींवरून मात्र हेरिंग आणि काळ्या डोक्याचा कुरव या दोन्ही जातींचे काही पक्षी 30 वर्षांहून जास्त जगल्याचं सिद्ध झालंय. म्हणून थवा बघताना पायांकडे एक नजर टाकत जा. रंगीत कडं दिसलं तर त्याचा रंग, त्यावरची अक्षरं आणि आकडे, कोणत्या पायात आहे ते, तारीख आणि जागा टिपून संबंधित रिंगिंग योजनेला कळवा. पिल्लू असतानाच कडं घातलेलं असेल तर उत्तरात जन्माचं वर्ष येतं, आणि तुमच्या फोटोतल्या त्या पंखाला, चोचीला, शेपटीला खात्रीचं वय मिळतं.